हार्विचहून लंडनकडे : किंडरट्रान्सपोर्टच्या वाटेवर एक दिवस

किंडरट्रान्सपोर्ट म्हणजे दुसऱ्या महायुद्धाआधी नाझींच्या तावडीतून मुलांना, बहुतेक ज्यू, ब्रिटनमध्ये आणण्याची मोहीम. त्या मुलांचे लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनबाहेरचे पुतळे सगळेच बघतात. माझं ऐका, सकाळी गाडी पकडताना तिकडे फिरकू नका. आधी हार्विच बंदर गाठा आणि पुतळे परतताना बघा, कारण मुलं त्याच दिशेने आली होती.

मॅनिंगट्रीला गाडी बदलावी लागते. लेकीसाठी सँडविच घ्यायला गेलो आणि जोडगाडी डोळ्यांदेखत निघून गेली. पुढचा तासभर फलाटावर! खाणं लंडनहूनच घेऊन निघा. रविवार टाळा, बरेचदा रुळांची कामं निघतात. जाताना डावीकडे बसा, स्टूर नदीची खाडी दिसते.

शेवटचं स्टेशन हार्विच टाउन. तिथून चालतच धक्क्यावर जाता येतं. जहाजाच्या शिडीवरून उतरणारी पाच मुलं, ब्राँझची, खऱ्या मुलांएवढी. २०२२ साली बसवली. प्रत्येकाचा चेहरा वेगळा, आणि अंगावर तेव्हाच्या मुलांचेच शब्द कोरलेले. ते वाचायला वेळ ठेवा. वाऱ्यामुळे आम्हाला तिथे धड उभं राहवेना, तेव्हा उन्हाळ्यातही जाकीट हवंच.

नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीत ज्यूंची दुकानं, प्रार्थनास्थळं फोडली गेली. त्यानंतर ब्रिटनने मुलांना येऊ दिलं, आई-बापांना नाही. पहिली दोनशेच्या आसपास मुलं २ डिसेंबरला इथे उतरली; युद्ध सुरू होईपर्यंत सुमारे १०,००० आली. एक छोटी पेटी, दहा मार्क आणि गळ्यात नंबराची चिठ्ठी. ज्यांना घर ठरलेलं नव्हतं, त्यांची रवानगी डोव्हरकोर्टच्या सुट्टीच्या कॅम्पात झाली. खोल्या उन्हाळ्यासाठी बांधलेल्या आणि ती थंडी कडाक्याची. डोव्हरकोर्ट वाटेतच लागतं, पण मुद्दाम उतरू नका, कॅम्प आता उरलेला नाही.

बरीचशी मुलं हॉलंडच्या हुक ऑफ हॉलंड बंदरातून बोटीने आली. तिथली बोट मात्र आजही हार्विच इंटरनॅशनलला लागते. वेळ आणि पैसे असतील तर हॉलंडहून बोटीनेच या. आम्हाला ते जमलं नाही, ही चुटपुट राहिली.

परत लिव्हरपूल स्ट्रीट. संध्याकाळी स्टेशनबाहेरच्या होप स्क्वेअर चौकात ऑफिस सुटलेल्यांची एवढी गर्दी की पुतळे शोधावे लागले. ते घडवणारे फ्रँक मायस्लर ऑगस्ट १९३९ मध्ये, चौदाव्या वर्षाच्या आत-बाहेर, याच स्टेशनात उतरले होते. त्यांचे आई-वडील पुढे आउशवित्झच्या नाझी छळछावणीत मारले गेले. पुतळ्यांभोवती मुलं जिथून निघाली त्या शहरांची नावं लिहिलेली आहेत. मायस्लरांचं गाव डान्झिग, म्हणजे आजचं पोलंडमधलं ग्दान्स्क. लेकीने ते शोधून काढलं. एक काका त्यावर कॉफीचा कप ठेवून फोनवर बोलत होते, तिने त्यांना कप उचलायला लावला.