शपथ घालण्याआधी

इंदूरच्या आमच्या मराठी घरांत मधुमेहाविषयी जेवता जेवता मोकळेपणाने बोलले जाते. परंतु मुलगा किंवा मुलगी स्वतःच्या शरीराला मुद्दाम इजा करून घेत असल्याचे कळले, की दारे लावली जातात आणि देव्हाऱ्यासमोर उभे करून ‘पुन्हा करणार नाही’ अशी आईच्या गळ्याची शपथ घ्यायला लावली जाते. हा उपाय मला घातक वाटतो, कारण त्याने इजा थांबत नाही, ती केवळ लपते, आणि आधीच्या लाजेत शपथ मोडल्याच्या अपराधभावाची भर पडते.

अशा इजेमागे अनेकदा मरणाची इच्छा नसते. असह्य ताण, राग, स्वतःविषयीचा तिटकारा किंवा आतून आलेला बधिरपणा यांतून क्षणभर सुटका मिळते आणि ती सुटका खरी वाटते, म्हणूनच ही सवय जडते. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ च्या डीएसएम-५ या निदानसंहितेत आत्महत्येचा हेतू नसलेल्या इजेची, अधिक अभ्यास हवा असलेली अवस्था म्हणून, स्वतंत्र नोंद केली. मात्र हेतू नसला तरी पुढे आत्महत्येचा धोका वाढतो, त्यामुळे ‘नाटके आहेत’ म्हणून सोडून देणे परवडणारे नाही.

सुरुवात बहुधा किशोरवयात होते. मे महिन्याच्या उकाड्यातही अंग झाकून वावरणे, जखमांची न पटणारी कारणे, तासन्‌तास बंद खोली, एकेकाळच्या मैत्रिणींपासून तुटणे, या खुणा एकत्र दिसल्या तर शांतपणे आणि थेट विचारावे. मरून जावेसे वाटते का, हेही विचारावे. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही.

या वर्तनासाठी खास अशी गोळी नाही. सोबत नैराश्य किंवा चिंता असेल तर त्यांवर औषधे दिली जातात. मुख्य उपचार बोलण्याचा आणि शिकण्याचा असतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी विकसित केलेल्या डायलेक्टिकल बिहेवियर थेरपीत, म्हणजे डीबीटीत, उसळलेली भावना काही न बिघडवता सोसणे, तिला आवर घालणे आणि नात्यांत आपली गरज स्पष्ट मांडणे ही कौशल्ये काही महिने सरावाने शिकवली जातात. पुन्हा इजा झाली तर उपचारक रागावत नाही. त्याआधीच्या काही तासांत काय घडले, कोणता शब्द लागला, कोणत्या वळणावर दुसरे काही करता आले असते, हे रुग्णासोबत एकेक कडी जोडत तपासतो. किशोरवयीनांच्या उपचारात आईवडिलांनाही शिकावे लागते, आणि आपल्याकडे हाच भाग सर्वांत जड जातो.

आमच्या शहरात मानसिक रुग्णालय बाणगंगेला असल्याने त्या भागाचे नाव काही घरांत टोमण्यासारखे वापरले जाते; तोच टोमणा ऐकत वाढलेले मूल मदत कशी मागणार? घरातून बाहेर पडणे अवघड असेल, तर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही विनामूल्य बोलता येते. जखम गंभीर असेल किंवा मुलाने मरणाविषयी बोलून दाखवले असेल, तर त्याला एकटे न सोडता त्याच वेळी जवळच्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात न्यावे.