हॉलिडे गेला तेव्हा काय गेलं

अमेरिकेत मी राहते त्या मिलवॉकीतला जुलै म्हणजे तलावाकाठचे महोत्सव, घरोघरी अंगणात पेटलेल्या शेगड्या आणि ट्रेडच्या, म्हणजे टीमांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीच्या, गप्पा. एनबीएचा, म्हणजे इथल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, सीझन ऑक्टोबरमध्ये सुरू होतो. एप्रिलपर्यंत प्रत्येक टीम ८२ सामने खेळते, मग जूनपर्यंत प्लेऑफ. ३० जूनच्या संध्याकाळी करार संपलेल्या खेळाडूंशी बोलणी खुली होतात आणि तिथून सप्टेंबर सरेपर्यंत, एकही सामना न होता, टीमच्या टीम बदलून जातात. ऑफिसात, केस कापताना, दुकानात बिल देताना विषय एकच असतो. या शहराची वस्ती आपल्या नाशिकच्या निम्म्याहून कमी, तरी त्याची स्वतःची एनबीए टीम आहे, मिलवॉकी बक्स. त्यामुळे बक्सचा एखादा खेळाडू गेला की लोक मनापासून हळहळतात.

नाशिकला माझा भाचा शाळेच्या टीममध्ये गार्ड, म्हणजे चेंडू पुढे आणणारा, म्हणून खेळतो. इथले संध्याकाळचे सात म्हणजे तिकडचे पहाटेचे साडेपाच, थंडीत साडेसहा. त्यामुळे शाळेत जायच्या आधी त्याचा निम्मा सामना बघून होतो. परवा त्याने फोनवर विचारलं, "मावशी, सुट्टीत एवढे खेळाडू बदलले की टीमचं जमत नाही, हे खरं का गं?" प्रश्न बक्सचा नव्हता, त्याच्या स्वतःच्या टीमचा होता. दहावीची मुलं मार्चमध्ये बाहेर पडली, जूनमध्ये खालच्या वर्गातली नवी मुलं आली, आणि आता सतरा वर्षांखालच्या जिल्हा स्पर्धा तोंडावर आल्यात. सराव होतो, पण सामन्यात सगळं विस्कटतं. फोनवर हे नीट सांगता येत नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. नाशिकमध्ये बास्केटबॉल खेळणारी मुलं आणि त्यांचे सर हे वाचत असतील तर त्यांच्यासाठीही.

फरक पडतो, आणि चांगलाच पडतो. पण मैत्री तुटल्यामुळे किंवा नवा खेळाडू गर्विष्ठ असल्यामुळे तो पडतो, हे मला फारसं पटत नाही. गेलेला खेळाडू कोर्टवर एखादं काम रोज करत असतो, बोलून न दाखवता. तो गेल्यावर ते काम कोणी उचलायचं हे ठरलेलं नसतं, आणि तिथे खेळ अडतो. हे मी याच शहरात, एकाच खेळाडूच्या येण्यात आणि जाण्यात पाहिलंय.

त्या खेळाडूचं नाव ड्रू हॉलिडे. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये बक्सने त्याला न्यू ऑर्लिन्सहून आणलं. कोरोनामुळे त्या वर्षी सुट्टीच आखूड होती आणि २२ डिसेंबरला सीझन सुरूही झाला. म्हणजे एकमेकांना ओळखायला वेळ असा मिळालाच नाही. तरी २० जुलै २०२१ ला बक्स चॅम्पियन झाले, ५० वर्षांनी. फायनल मालिकेच्या शेवटच्या सामन्यात बक्सचा मुख्य खेळाडू यानिस अँटेटोकुम्पोने ५० गुण केले आणि स्टेडियमबाहेरच्या चौकात हजारोंची गर्दी लोटली. पण इथले लोक आजही त्याच्या आधीच्या, पाचव्या सामन्याबद्दल जास्त बोलतात. फिनिक्सच्या कोर्टवर बक्स एका गुणाने पुढे, शेवटचे काही सेकंद, चेंडू फिनिक्सच्या डेव्हिन बुकरच्या हातात. हॉलिडेने तो त्याच्या हातातून अक्षरशः उपटून घेतला आणि पळत सुटला. तिथे कोणीही चेंडू धरून वेळ काढला असता. त्याने तो रिंगच्या वर हवेत उडवला, कारण मागून यानिस येणार हे त्याला माहीत होतं. यानिस आला, चेंडू रिंगमध्ये दाबला आणि वर फाउलही मिळवला. एका सीझनच्या ओळखीत इतकं जमलं होतं.

मग २०२३. बक्सने साखळीत ५८ सामने जिंकले, लीगमध्ये सर्वांत जास्त, आणि पहिल्याच फेरीत आठव्या क्रमांकाच्या मायामीकडून ४-१ असे हरले. टीम जवळपास जुनीच होती, एकमेकांना पुरेपूर ओळखणारी. हे मुद्दाम सांगते, कारण खेळाडू टिकवले की सगळं आपोआप जमतं असंही नाही. यानिसची पाठ दुखावली होती हे खरं, पण मॅनेजमेंटचा धीर सुटला. कोच माइक बुडनहोल्झर गेले, एड्रियन ग्रिफिन आले. आणि २७ सप्टेंबरला, ट्रेनिंग कॅम्पला आठवडाही उरला नसताना, हॉलिडेला देऊन पोर्टलंडचा डेमियन लिलार्ड आणला गेला. त्या दिवशी ऑफिसात निम्मे लोक नाचत होते. लिलार्डसारखा दुरून बास्केट करणारा गार्ड या पिढीत मोजकाच. पहिल्याच सामन्यात त्याने ३९ गुण केले.

तरी खेळ बिघडला, आणि का बिघडला ते सांगते, कारण भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर मला त्यात दिसतं.

बक्सचा बचाव कित्येक वर्षं एकाच मांडणीवर उभा होता. सात फुटी ब्रूक लोपेझ रिंगजवळ मागे थांबायचा. समोरच्या टीमचा उंच खेळाडू पुढे येऊन स्क्रीन लावतो, म्हणजे आपल्या गार्डची वाट अडवून उभा राहतो, आणि त्यांचा गार्ड चेंडू घेऊन मोकळा सुटतो. लोपेझ मागेच थांबणार असेल तर आपल्या गार्डला त्या स्क्रीनला खेटून, अंग चोरून पलीकडे निघावं लागतं आणि मागून पाठलाग करावा लागतो. तो वेळेत पोचला तर समोरच्याला ना नीट शॉट मिळतो ना रिंगपर्यंतची वाट. नाही पोचला तर लोपेझसमोर एकाच वेळी दोघे येतात, आणि दोघांना एकटा कोण अडवणार? हॉलिडे दर सामन्यात कितीतरी वेळा असा पोचायचा. स्कोअरकार्डवर या कामाचा रकाना नसतो. लिलार्ड स्क्रीनमध्ये अडकायचा. त्यात त्याचा आळस नव्हता. पोर्टलंडला अकरा सीझन त्याच्याकडून बास्केटच मागितले गेले होते, आणि ते त्याने भरभरून दिले.

भरीला ग्रिफिननी मांडणीच बदलली. लोपेझला पुढे आणून चेंडूवर दबाव टाकायचा त्यांचा विचार होता. काही सामन्यांतच खेळाडूंनी बोलून लोपेझला परत मागे नेलं. म्हणजे गार्ड नवा, कोच नवा आणि बचावाची पद्धत दोनदा बदललेली. जिंकत होते, पण धापा टाकत. जानेवारीत ३० विजय आणि १३ पराभव असताना ग्रिफिनना काढलं आणि डॉक रिव्हर्स आले. एवढे विजय असताना कोच जातो हे बाहेरच्याला विचित्र वाटेल. इथे सामने बघणाऱ्यांना फार आश्चर्य वाटलं नाही. प्लेऑफमध्ये इंडियानाने पहिल्याच फेरीत घरी पाठवलं. त्या मालिकेत यानिस दुखापतीमुळे खेळलाच नाही, तेव्हा सगळं खापर ताळमेळावर फोडणं अन्यायाचं होईल. पण यानिस असतानाही बचाव गळत होता, हे महिनोन् महिने दिसत होतं.

आणि हॉलिडे? पोर्टलंडने त्याला चारच दिवसांत बोस्टनला दिलं. बोस्टननेही त्या उन्हाळ्यात मोठी उलथापालथ केली होती. नऊ वर्षं तिथे खेळलेला, टीमचा प्राण म्हटला जाणारा मार्कस स्मार्ट त्यांनी जूनमध्ये सोडला आणि क्रिस्टाप्स पोर्झिंगिसला आणलं. सगळे म्हणाले, आता ही टीम मनाने तुटणार. त्यांनी ६४ सामने जिंकले आणि जून २०२४ मध्ये डॅलसला ४-१ ने हरवून विजेतेपद नेलं. स्मार्टचं काम होतं समोरच्या सर्वांत तापदायक खेळाडूला अडवणं. हॉलिडेने ते पहिल्या दिवसापासून उचललं. मिलवॉकीतल्या शेवटच्या सीझनमध्ये त्याने सामन्याला सरासरी १९.३ गुण केले होते, बोस्टनमध्ये तो १२.५ वर आला. कोपऱ्यात उभा राहिला, चेंडू टीमचे मुख्य स्कोअरर टेटम आणि ब्राऊन यांच्या हातात राहू दिला. कोच तोच, मांडणी तीच.

२०२० चा ट्रेडही आता असाच वाचून बघा. हॉलिडेच्या बदल्यात एरिक ब्लेडसो गेला होता, तोही बचाव करणारा गार्डच. गेलेल्या माणसाचंच काम नव्याने जास्त चांगलं केलं. लोपेझ, मिडलटन, यानिस, कोच सगळे जागेवर होते. म्हणून उशिरा होऊनही तो ट्रेड मुरला.

आमच्या शेजारचे आजोबा १९७१ चं विजेतेपद आठवतं म्हणून सांगतात. तेव्हा बक्स ही अवघी तिसऱ्या सीझनची टीम होती. १९७० च्या उन्हाळ्याआधी सिनसिनाटीहून ऑस्कर रॉबर्टसनला आणलं, तरुण करीम अब्दुल-जब्बारच्या जोडीला, जो तेव्हा लू अल्सिंडर या नावाने खेळायचा. करीमला चेंडू नेमका हवा तिथे पोचवणारा गार्ड मिळाला आणि फायनल ४-० ने संपली. म्हणजे या शहराची दोन्ही विजेतेपदं नवा गार्ड आणल्यावर एकाच वर्षात आलेली आहेत. बदलाला घाबरायचं कारण नाही, असं आजोबा म्हणतात. मला त्यांचं पटतं.

आपल्याकडे आयपीएलमुळे हा वाद सगळ्यांना ओळखीचा आहे. गुजरात टायटन्स ही लिलावात नव्याने जमवलेली टीम २०२२ मध्ये पहिल्याच वर्षी जिंकली, आणि २०२४ मध्ये मुंबईने रोहितऐवजी हार्दिककडे कप्तानी दिली, टीम शेवटच्या क्रमांकावर गेली. पण क्रिकेटमध्ये एका वेळी एक बोलर आणि एक बॅटर एकमेकांसमोर असतात. बास्केटबॉलमध्ये पाचही जण सतत हलतात, २४ सेकंदांत शॉट घ्यावा लागतो, आणि एकाचं पाऊल चुकलं की बाकी चौघांना जागा बदलावी लागते. म्हणून इथे एका माणसाच्या बदलाची झळ जास्त लागते.

निफाडला माझ्या मामांची द्राक्षबाग आहे. ऑफ सीझन म्हटलं की मला एप्रिलची खरड छाटणी आठवते. माल निघून गेल्यावर वेल पार बोडका करतात, आणि त्यानंतर फुटणाऱ्या काडीत पुढच्या हंगामाचा घड आतल्या आत तयार होतो. बाहेरून काहीच दिसत नाही. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर कळतं, काडी पिकली होती की नाही. एनबीएचंही वेळापत्रक तेच. ऑक्टोबरमध्ये जे दिसतं ते उन्हाळ्यात कोण एकत्र घाम गाळत होतं त्यावर ठरतं. सप्टेंबरअखेर आणलेल्या लिलार्डला हा काळ बक्ससोबत मिळालाच नाही. नोव्हेंबरमध्ये आलेल्या हॉलिडेलाही मिळाला नव्हता, पण त्याच्या वाट्याला तयार जागा आली होती.

भाच्याला मी विचारलं, बाहेर पडलेल्यांत मागून ओरडणारा कोण होता? "स्क्रीन डावीकडून", "मी आहे मागे", "कटर आला" (रिंगकडे धावत आत घुसणारा), असं सतत सांगणारा. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि एका मुलाचं नाव घेतलं. तो मुलगा टीमचा टॉप स्कोअरर नव्हता, त्याचे गुण कुणाच्या लक्षातही नसतील. पण आता बचाव करताना सगळे मुके असतात, असं भाचाच म्हणाला. नवीन मुलांना प्रतिस्पर्धी दिसतो, ते सांगायचं असतं हे त्यांना अजून माहीत नाही. माझं सरांना सांगणं एवढंच, की स्पर्धेपर्यंत नवे डाव शिकवू नका. जुने दोनच ठेवा, आणि गेलेल्या प्रत्येक मुलाचं काम नाव घेऊन कुणाकडे तरी सोपवा. दबावात चेंडू पुढे कोण आणणार, रिबाउंडला, म्हणजे हुकलेला चेंडू परत येताना, मोठ्या मुलाला पाठीने कोण अडवणार, मागून आवाज कोण देणार. सरावातही आवाज न देता झालेला बास्केट धरू नका. पंधरा दिवसांत फरक दिसेल असं मला मनापासून वाटतं.

इथे बक्सने २०२५ च्या उन्हाळ्यात पुन्हा सगळं उचकटलं. लिलार्डला त्या वर्षी एप्रिलमध्ये मोठी दुखापत झाली. टाचेमागची शीर तुटली. जुलैमध्ये बक्सने त्याला मोकळं केलं. त्याचे उरलेले ११ कोटींहून जास्त डॉलर पाच वर्षांत विभागून द्यायचे ठरले. तो पोर्टलंडला परत गेला. लोपेझ लॉस एंजेलिसच्या क्लिपर्सकडे गेला. मिडलटन तर फेब्रुवारीतच वॉशिंग्टनला गेला होता, यानिसबरोबर २०१३ पासून खेळलेला. त्याचं जाणं मला सगळ्यांत जास्त लागलं. २०२१ च्या मुख्य फळीतले तेव्हा यानिस आणि बॉबी पोर्टिस उरले.

लोपेझच्या जागी इंडियानाहून माइल्स टर्नर आला. उंच, रिंगजवळ शॉट अडवणारा आणि तीन गुणांचा शॉटही मारणारा, म्हणजे लोपेझचंच काम, पण वयाने कितीतरी तरुण. ही निवड मला अचूक वाटली. हॉलिडेची जागा मात्र दोन वर्षांनंतरही रिकामी होती. माझी आशा बक्सच्या रायन रॉलिन्स या गार्डवर होती. तरुण, हात चपळ, आणि आदल्या सीझनमध्ये मिळाली तेवढ्या मिनिटांत तो चेंडूवाल्याला सुखाने खेळू देत नव्हता. कॅम्प सुरू व्हायचा होता तेव्हा मला वाटत होतं: रिव्हर्सनी त्याला सुरुवातीच्या पाचात घेतलं आणि समोरचा सर्वांत कठीण गार्ड रोज त्याच्याकडेच दिला, तरच टर्नरने मागे उभं राहण्याचा उपयोग होईल.