चुन्यात भिजलेला मका

आमच्या अर्व्हिंगमध्ये नवं मेक्सिकन हॉटेल उघडलं, ही खरं तर बातमीच नव्हे. डॅलसच्या या उपनगरात आपले लोक भरपूर आणि मेक्सिकनही भरपूर, त्यामुळे एका चौकात डोसा मिळतो, तर पुढच्या चौकात टाको. त्यातलं बरंचसं टेक्स-मेक्स, म्हणजे टेक्सास आणि मेक्सिकोची सरमिसळ असतं: पिवळं वितळलेलं चीज, जिऱ्याच्या वासाची तपकिरी ग्रेव्ही, आणि बसल्या बसल्या फुकटात पुढ्यात येणारी चिप्सची टोपली. या प्रकाराला नाकं मुरडायची इथे फॅशन आहे, पण मला तो आवडतो. सीमेवर दोन्हीकडचे लोक जेवायला आले की असं काहीतरी होणारच. नाचोजसुद्धा 1940च्या दशकात सीमेलगतच्या पिएद्रास नेग्रास गावात, इग्नासियो आनाया नावाच्या माणसाने अमेरिकेतून आलेल्या बायकांसाठी घाईघाईत जमवले. इग्नासियोचं लाडाचं नाव नाचो.

हे नवं हॉटेल मात्र त्यातलं नव्हतं. एका बाजूला लाँड्री, दुसऱ्या बाजूला आपलं किराणा दुकान, आणि मध्ये या दहा-बारा टेबलांची खोली. वेटर नाही. काउंटरवर सांगायचं, नंबर घ्यायचा, हाक आली की उठायचं. सोबत सासूबाई होत्या. सोलापूरच्या, मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीवर पोसलेल्या, शुद्ध शाकाहारी, आणि सहा महिन्यांच्या व्हिसावर इथे येऊन पावाला विटलेल्या.

शाकाहारी माणसाला मेक्सिकन हॉटेलात नेण्याआधी दोन प्रश्न विचारून ठेवावेत. बीन्समध्ये लार्ड, म्हणजे डुकराची चरबी आहे का? आणि भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलाय का? फळ्यावर दोन्ही गोष्टी ‘व्हेज’च्या रकान्यात निवांत बसलेल्या असतात. इथे घोटलेल्या बीन्समध्ये लार्ड होतं, अख्ख्या काळ्या बीन्समध्ये नव्हतं. भाताबद्दल काउंटरवरची बाई फक्त हसली. भात रद्द.

उरलं काय, तर भोपळ्याच्या फुलांची केसाडिया, म्हणजे चीज घालून दुमडलेली पोळी, आणि निवडुंगाचा टाको. फुलांचं सासूबाईंना काहीच विशेष वाटलं नाही, त्यांच्याकडे त्यांची भजी होतात. निवडुंगावर मात्र त्या थबकल्या.

“कुठला गं निवडुंग? आपला फड्या?”

तोच, निदान त्याच कुळातला. हा मूळचा तिकडचाच. मेक्सिकोच्या झेंड्यावर गरुड बसलाय तो याच्यावर. आपण तो शेताच्या बांधाला कुंपण म्हणून लावला, पोरांनी त्याची लाल बोंडं खाऊन तोंडं रंगवली, पण पानं शिजवावीत असं आपल्याला सुचलं नाही. काटे काढून, उभे चिरून, तव्यावर कांदा-मिरचीत परतलेला निवडुंग थोडा आंबट, थोडा बुळबुळीत लागतो. “खाण्यासारखा आहे,” असा निकाल लागला. सोलापुरात ही मोठी शाबासकी समजावी.

मी अल पास्तोर घेतला. उभ्या सळईवर भाजलेलं डुकराचं मांस, वरून अननसाची फोड. लेबनॉनमधून मेक्सिकोत गेलेल्या लोकांनी शवर्माची सळई सोबत नेली. कोकरू मागे पडलं, डुक्कर आलं, मसाल्यात लाल मिरच्या आल्या. अननस छान होता, मांस जरा कोरडं. दुपारी दोनला सळईवर आणखी काय उरणार!

पण सासूबाईंचं लक्ष ताटात नव्हतंच. काउंटरच्या मागे एक बाई मक्याच्या पिठाचा गोळा लोखंडी दाबणीत ठेवून दाबत होती, आणि निघालेली चकती तव्यावर टाकत होती. तांदळाची उकड काढावी तसं काही नाही, गरम पाणी नाही, परात नाही. तरी चकतीला कडेला चीर नाही, आणि दुसऱ्यांदा उलटली की टम्म फुगायची. सासूबाईंनी ती भाजलेली चकती, म्हणजे टॉर्टिया, बोटाभोवती गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

“मक्याच्या पिठाला विरीच नसते. ही मोडत कशी नाही?”

मी विचारलं. बाईने आतल्या बादलीकडे बोट दाखवलं. रात्रभर भिजलेला मका होता, पाणी पिवळट. त्यात चुना.

“खायचा चुना?” सासूबाईंचा हात नकळत पर्समधल्या पानाच्या डबीकडे गेला.

हो, विझवलेला चुनाच. मका त्या पाण्यात उकळायचा, रात्रभर तसाच ठेवायचा, सकाळी चोळून धुवायचा. साल सुटते, दाणा मऊ होतो, आणि वाटल्यावर त्या पिठाला जी चिकटाई येते ती नुसत्या दळलेल्या मक्याला कधीच येत नाही. ही रीत किमान तीन हजार वर्षांची. शिवाय त्यात एक छुपा फायदा आहे: मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला सहज मिळत नाही, ते चुन्याने मोकळं होतं. युरोपियनांनी मका जहाजात भरून नेला, बादलीतला चुना मात्र तिथेच ठेवला. पुढे इटलीत, स्पेनमध्ये, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेत मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा, म्हणजे नायसिन कमी पडल्याचा रोग झाला. कातडी सोलवटायची, भ्रम व्हायचा, हजारो माणसं मेली. अनेकांना वाटलं, साथ आहे. जोसेफ गोल्डबर्गर या सरकारी डॉक्टरने 1914 पासून मागे लागून दाखवलं की दोष खाण्यात आहे. पीक उचलणं सोपं असतं. ते शिजवणाऱ्या बायकांना काही विचारावं, असं तेव्हा कुणाला वाटलं नसावं.

सासूबाईंनी विचारलं. किती मक्याला किती चुना, उकळायचं किती वेळ, पाणी फेकता का? त्यांचं मराठी, बाईचं स्पॅनिश, मधे माझं दोन्हीकडून लंगडं भाषांतर. शेवटी बाईने मला बाजूला सारून चिमटीनेच माप दाखवलं, आणि ते दोघींना समजलं. मागे रांग वाढली होती. एकाने घड्याळ पाहिलं, मी माफी मागितली, पण त्या दोघी आपल्यातच.

निघताना पौंडभर भिजवलेलं पीठ विकत घेतलं, ते इथे वजनावर मिळतं. घरी दाबणी नसल्यामुळे सासूबाईंनी ते हातावर थापलं. पहिली जाड झाली, दुसरी बरी. “ज्वारीला चुना चालेल का गं?” असं त्या दोनदा म्हणाल्या. मी ऐकलं नाही असं दाखवलं, कारण माझ्या भांड्यांत अजून तरी चुना शिरलेला नाही.

हॉटेलबद्दल विचाराल तर: टॉर्टियासाठी जा, हिरवी साल्सा घ्या, केशरी, हाबानेरो मिरचीची जपून घ्या. ओर्चाता नको, तांदळाच्या त्या दुधात दालचिनीपेक्षा साखरच जास्त आहे. आणि दीडच्या आत पोचा, म्हणजे सळईवरचं मांस कोरडं होण्याआधी मिळेल.