नागपूरहून बर्लिनला नोकरी शोधायला जाताना

दिवाळीत नागपूरला आले की त्रिमूर्तीनगरातल्या आमच्या गल्लीतली नुकती इंजिनीअर झालेली पोरं हमखास विचारतात, "ताई, तिकडे जाऊन नोकरी शोधता येते काय?" येते. जर्मनीने 1 जून 2024 पासून त्यासाठीच 'चान्सेनकार्टं' नावाचं परवाना-कार्ड सुरू केलं आहे. त्यावर वर्षभर तिथे राहून काम शोधता येतं आणि शोधता शोधता आठवड्याला 20 तासांपर्यंत अर्धवेळ नोकरीही करता येते. बुटीबोरीतली नोकरी सोडून मी याच कार्डावर बर्लिनला गेले. तिथे पोचल्यावर आधी पत्ता मिळवा, नोकरीच्या मागे त्यानंतर लागा, हे मी प्रत्येकाला सांगते.

पण त्याआधीची बरीच कामं नागपुरातच उरकून घ्या. आपलं विद्यापीठ आणि पदवी जर्मनीत ग्राह्य आहे का, ते 'अनाबिन' नावाच्या त्यांच्या सरकारी यादीत पाहा. यादीत स्पष्ट दिसत नसेल तर पदवीची तुलना करणारं प्रमाणपत्र मागवावं लागतं. विद्यापीठातून गुणपत्रकं, ट्रान्सक्रिप्ट काढायला वेळ जातो, म्हणून तो अर्ज सगळ्यात आधी टाका. पदवीची पूर्ण समकक्षता नसेल तर सहा गुण जमवावे लागतात. पस्तिशीच्या आत असाल तर 2, गेल्या पाच वर्षांत आपल्या क्षेत्रातला दोन वर्षांचा अनुभव असेल तर आणखी 2, आणि जर्मन भाषेची बी-वन पातळी केली की 2. झाले सहा.

अट म्हणून जर्मनची ए-वन किंवा इंग्रजीची बी-टू पातळी पुरते, पण तेवढ्यावर थांबू नका. "आयटीत इंग्रजी चालते" हे खरं आहे, तरी घरमालक, सरकारी कचेरी आणि डॉक्टरकडची स्वागतिका आयटीत नसतात. मी परीक्षा पुण्याच्या मॅक्समुलर भवनात दिली. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने जायचं, पेपर द्यायचा आणि परत यायचं. दमायला होतं, पण त्याचं चीज झालं.

पैशाचंही बोलते. खर्चाची सोय दाखवायला बहुतेक जण वर्षाचे पैसे आधीच भरून बँकेत 'ब्लॉक' खातं उघडतात. 2025 साली त्याचा हिशेब महिन्याला 1,091 युरो, म्हणजे वर्षाचे 13,092 असा होता. घरच्यांना नीट समजावून सांगा की ही फी नाही, आपलेच पैसे दर महिन्याला आपल्याला मिळतात. आमचे बाबा हे कळल्यावरच निवांत झोपले.

आता पत्त्याचं. घरात राहायला गेल्यापासून 14 दिवसांत महापालिकेच्या कचेरीत, म्हणजे 'ब्युर्गरआम्ट'मध्ये, नोंदणी करायची असा कायदा आहे. तिला 'आनमेल्डुंग' म्हणतात. त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. ही नोंदणी झाली की करक्रमांक टपालाने घरी येतो आणि पगार सुरू करताना मालक तोच मागतो. बर्लिनमध्ये या कचेरीची वेळ लवकर मिळत नाही. सकाळी सकाळी संकेतस्थळ उघडून बसा. कोणीतरी रद्द केलेल्या वेळा तेव्हा दिसतात आणि शहरातल्या कुठल्याही भागातली कचेरी चालते. खोली किरायाने घेताना पहिला प्रश्न हाच विचारा, "इथे आनमेल्डुंग होईल ना?" नाही म्हटलं तर ती खोली कितीही स्वस्त असो, सोडा. अनामत रक्कम मूळ किरायाच्या तीनपटीपेक्षा जास्त मागता येत नाही. खोली न दाखवता पैसे मागणाऱ्याला उत्तरच देऊ नका.

एक गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. तिथल्या जुन्या इमारतींत फ्लॅटला नंबर नसतो. खाली घंटीच्या पाटीवर आणि टपालपेटीवर फक्त आडनावं असतात. आपल्याकडे पोस्टमन शेजारी विचारून पत्र देऊन जातो. तिथे पेटीवर नाव नसलं की पत्र परत जातं. म्हणून किल्ली हातात आली त्याच संध्याकाळी मी आडनाव कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून घरमालकिणीच्या नावाखाली चिकटवलं. बँकेचं कार्ड, विम्याची कागदपत्रं, करक्रमांक, सगळं त्या चिठ्ठीमुळे पोचलं.

फिरायला 'डॉइचलांडटिकेट' घ्या. 2025 मध्ये ते महिन्याला 58 युरोंना होतं आणि देशभरातल्या शहरी बस, मेट्रो, लोकल गाड्यांना चालतं. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, म्हणून किराणा शनिवारीच भरा. आणि जमलं तर वसंतात जा. डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो. नागपूरच्या उन्हात वाढलेल्या माणसाला ते फार जड जातं, त्यातच नोकरीचे नकार आले तर मन खचतं. त्या दिवसांत रोज दुपारी तासभर बाहेर चालायला जायचंच, हा नियम मी पाळला.

अर्ज मात्र नागपुरात असतानाच पाठवायला लागा. बायोडेटा दोन पानांच्या आत ठेवा, जुन्या मालकांची अनुभवपत्रं जोडा. मुलाखतीच्या फेऱ्या लांबतात, उत्तराला आठवडे जातात. हे कार्ड असताना एखाद्या कंपनीत दोन आठवड्यांपर्यंत चाचणी म्हणून काम करता येतं. मुलाखतीत तुम्हीच तसं सुचवा, मला त्याचा फार उपयोग झाला. कराराची सही झाली तरी पूर्णवेळ काम लगेच सुरू करता येत नाही, आधी परवाना बदलून घ्यावा लागतो. उच्चशिक्षितांच्या 'ब्लू कार्ड' या कामाच्या परवान्यासाठी 2025 मध्ये वर्षाला 48,300 युरो पगाराची अट होती, तुटवड्याच्या व्यवसायांना 43,759.80. करार हातात आला की त्याच दिवशी परदेशी नागरिकांच्या कचेरीत अर्ज टाका. तिथेही वेळ मिळायला महिने लागू शकतात, आणि कार्डाची मुदत संपायच्या आत तुमचा अर्ज त्यांच्याकडे पोचलेला असायला हवा.