आधी डेपोत चालवून दाखवा

विनाचालक बसचा व्हिडिओ कुठे आला की ओळखीतली मंडळी तो मला आवर्जून पाठवतात. माझी निम्मी नोकरी बस डेपोत ड्यूट्या लावण्यात गेली, त्यामुळे 'आता तुमच्या ड्रायव्हरांचं काय होणार?' हे मलाच विचारायचं असतं. मी मात्र व्हिडिओत आधी एकच बघते, गाडीत पगारी माणसं किती बसली आहेत.

बहुतेक वेळा एक तरी असतंच. स्कॉटलंडमध्ये एडिनबराजवळ मे २०२३ मध्ये 'कॅव्हफोर्थ' नावाची सेवा सुरू झाली. खेळण्यातली गाडी नव्हे, पूर्ण आकाराची बस, फोर्थ रोड पुलावरून जाणारी, साधारण साडेबावीस किलोमीटरचा मार्ग. बस आपली आपण चालायची, पण कायद्याप्रमाणे सुरक्षेसाठी ड्रायव्हर सीटवर, आणि तिकिटं व प्रवाशांकडे बघायला दुसरा माणूस. ज्या बसला एक माणूस पुरला असता तिथे दोन! पुरेसे प्रवासी मिळाले नाहीत म्हणून फेब्रुवारी २०२५ मध्ये सेवा बंद झाली. तंत्र फसलं असं कोणी म्हणालं नाही. हिशोब जुळला नाही.

हा हिशोब मला तोंडपाठ आहे. एक बस पहाटे पाच ते रात्री बारा रस्त्यावर ठेवायची तर दोन पाळ्या लागतात. साप्ताहिक सुट्टी, रजा, आजारपण धरलं की दोन ड्रायव्हरांत भागत नाही, अडीचच्या आसपास लागतात. आणि गाडी बारा सीटची असो की साठ माणसं मावणारी, ड्रायव्हरचा पगार तोच. म्हणून सगळीकडे मोठ्या गाड्या अर्ध्या-अर्ध्या तासाने सोडल्या जातात. माणूस खरोखर उतरला तर छोट्या गाड्या दर पाच मिनिटांनी सोडता येतील, रात्री दोनलाही सोडता येतील. विनाचालक बसचा खरा फायदा हा आहे. सीटवर माणूस ठेवून यातलं काहीच पदरात पडत नाही.

मग माणूस उतरवत का नाहीत? कारण बस म्हणजे मोठी मोटार नव्हे. मोटारीत सगळे पट्टा बांधून बसलेले असतात. बसमध्ये कोणी दांड्याला लटकलंय, कोणी पिशवी सावरत सीटकडे निघालंय. अचानक ब्रेक मारला तर समोरचा वाचतो आणि आतला पडतो. अमेरिकेत कोलंबस शहरात फेब्रुवारी २०२० मध्ये नेमकं हेच झालं. अगदी हळू चाललेली विनाचालक शटल, म्हणजे ठरलेल्या छोट्या मार्गावर फिरणारी लहान बस, एकदम थांबली आणि एक प्रवासी सीटवरून खाली आली. त्यानंतर तिथल्या वाहतूक सुरक्षा यंत्रणेने त्या कंपनीच्या देशभरातल्या शटलमधून प्रवासी नेणं थांबवलं. त्याआधी, नोव्हेंबर २०१७ मध्ये, लास व्हेगसमध्ये पहिल्याच दिवशी ट्रक रिव्हर्स घेत आला. शटल शिस्तीत थांबली आणि ट्रकने तिला घासलं. नियमाने चूक ट्रकवाल्याची. पण कुठल्याही ड्रायव्हरने हॉर्नवर हात ठेवला असता, मागे जागा असती तर गाडी मागे घेतली असती.

चांगला ड्रायव्हर गाडी हलवण्याआधी आतल्या आरशात बघतो. आजी बसल्या का, पोर दारापासून लांब आहे का. ब्रेकही तो दोन टप्प्यांत मारतो, म्हणजे उभ्या माणसाला दांडा धरायला क्षणभर मिळतो. हे आम्ही कधी कागदावर लिहून दिलं नाही, जुन्या ड्रायव्हरांकडून नव्यांकडे जात राहिलं. कॅमेऱ्यांना ते शिकवता येणारच नाही असं मी म्हणत नाही. वेळ लागेल, एवढंच.

रस्ता स्वतःचा असेल तिथे मात्र हा प्रश्न केव्हाच सुटलाय. फ्रान्समधल्या लील शहराची विनाचालक मेट्रो १९८३ पासून चालू आहे. रॉटरडॅमला लागून १९९९ पासून चालकाविना छोट्या गाड्या धावू लागल्या, रस्त्यात पुरलेल्या चुंबकांच्या आधाराने, स्वतंत्र मार्गावर.

असा स्वतंत्र, फाटक लावलेला, बाहेरच्या माणसाला बंदी असलेला रस्ता प्रत्येक बससेवेकडे आधीपासून आहे. डेपो. व्हिडिओत तो कधी दिसत नाही, कारण तिथे बघण्यासारखं काही नसतं.

रात्री अकरानंतरचा डेपो बघायला हवा. गाड्या एकामागून एक आत येतात. आधी इंधन किंवा चार्जिंग, मग धुलाई, मग रांगेत लावणं. पहाटे जी पहिली निघायची ती पुढे, हा क्रम चुकला तर सकाळ बोंबलली. त्यात पुढचीच गाडी बंद पडली की मागची अख्खी रांग काढायची आणि पुन्हा लावायची. गाड्यांमध्ये अंतर हातभर, ड्रायव्हर आठ तास रस्ता हाणून आलेला, डोळे चुरचुरतायत. आरसे इथे फुटतात, बाजूचे पत्रे इथे घासले जातात. रस्त्यावर इतकी वर्षं सांभाळलेली गाडी घरात येऊन खांबाला लागते, आणि मग त्याच्या चौकशीचे कागद वेगळे.

इथे वेग कमी, प्रवासी नाहीत, उलटा येणारा ट्रक नाही. यंत्राला झोप येत नाही आणि कंटाळाही येत नाही. ड्रायव्हरने फाटकाशी गाडी सोडावी, सही करावी, घरी जावं. पुढची धुलाई, चार्जिंग, रांग गाडीने आपली आपण करावी. मँचेस्टरमध्ये २०१९ मध्ये डेपोतल्या अशा हालचालींचं प्रात्यक्षिक झालंही होतं. पण पुढे गाजला तो एडिनबराजवळचा पुलावरचा प्रवास. रात्री डेपोत गाड्या हलवणाऱ्यांच्या काही जागा यात जातील, हेही सांगून टाकते. त्यातल्या बऱ्याच जणांना रस्त्यावरची ड्यूटी हवी असते आणि रस्त्यावर ड्रायव्हर कायम कमीच असतात, पण सगळ्यांचं तसं नसतं. त्यांच्याशी आधी बोलावं लागेल.

विकायला येणाऱ्या कंपनीला मी एकच परीक्षा घातली असती. पहाटे साडेचारला या. पुढच्या रांगेतली एक गाडी मुद्दाम बंद ठेवते, पाऊस असेल तर फारच छान. बाकीच्या सगळ्या वेळेवर फाटकाबाहेर काढून दाखवा. ते बघायला मी निवृत्त असूनही गजर लावून येईन.