ब्रिटिश म्युझियमची छापचित्रं : वेळ घेतल्याशिवाय वर चढू नका

ब्रिटिश म्युझियमला प्रवेश फुकट आहे. तरी आमच्या टूरवाल्याने 'खास प्रवेश' म्हणून माणशी वीस पौंड उकळले आणि बॅगतपासणीच्या रांगेत सगळ्यांच्याच मागे उभं केलं. शुद्ध लूट.

वर त्याची थाप : '९० नंबरच्या दालनात जा, रेम्ब्रांट बघा.' (म्हणजे सतराव्या शतकातल्या त्या डच चित्रकाराची चित्रं.) जिने चढून पिंढऱ्या भरून आल्या आणि वर भलतंच प्रदर्शन लागलेलं. उजेडाने कागद खराब होतो, म्हणून वीस लाखांवर छापचित्रांपैकी (पत्र्यावर वगैरे कोरून कागदावर छापलेली चित्रं) मूठभरच आळीपाळीने भिंतीवर येतात. बाकीची पेट्यांत. ती पाहायची तर स्टडी रूमची वेळ आधी घ्या आणि म्युझियमच्या ऑनलाइन सूचीतून हव्या त्या चित्रांचे नोंदणी क्रमांक काढून कळवा. मी तेच करून पुन्हा गेलो. आत फक्त पेन्सिल चालते.

एवढा जाच कशासाठी, ते इतिहासात आहे. १७९९ मध्ये क्रॅकरोड नावाच्या पाद्र्याने आपला संग्रह, त्यात रेम्ब्रांटची एचिंग्ज (तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने रेघा कोरून छापलेली चित्रं), म्युझियमला दिला. पुढे रॉबर्ट डायटन या व्यंगचित्रकाराने तिथल्या बेलो या अधिकाऱ्याशी गोडीगुलाबी करून चित्रं आपल्या फाइलीत सरकवून लांबवली, बाजारात विकलीही. वुडबर्न या विक्रेत्याने त्याच्याकडून घेतलेलं एक रेम्ब्रांट म्युझियमच्या प्रतीशी ताडून पाहायला नेलं, तर तिथली प्रत गायब! हे १८०६ चं. बेलोची नोकरी गेली, डायटन मात्र खटल्यावाचून सुटला. १८०८ मध्ये छापचित्रांचा स्वतंत्र विभाग निघाला, विल्यम अलेक्झांडर त्याचा पहिला प्रमुख. म्हणजे चोराचे उपकारच म्हणायचे.

मी रेम्ब्रांटचं 'तीन क्रूस', म्हणजे येशूच्या क्रूसावरच्या मरणाचं छापचित्र, मागवलं होतं, पहिली आणि चौथी अवस्था शेजारीशेजारी. (पत्र्यात बदल करून पुन्हा छापलं की ती नवी अवस्था.) पहिलीत क्रुसांभोवती माणसांची झुंबड. चौथीत रेम्ब्रांटने त्याच तांब्याच्या पत्र्यावरची कित्येक माणसं घासून टाकली, उभ्या रेघांचा काळोख ओतला, आणि उंच टोपीवाला एक घोडेस्वार मध्येच आणून बसवला. सुईने उकरलेल्या कडांत अडकलेली शाई कागदावर मखमलीसारखी दिसते. छापील पुस्तकात यातलं काही कळत नाही, खोटं वाटेल तर जाऊन बघा.

लिफ्ट आहे, गुडघे दुखत असतील तर उत्तरेकडची शोधा. भिंग न्यावं का हे आधीच विचारा. चाकांची बॅग आत घेत नाहीत, ती हॉटेलवरच ठेवा.