आमची वाटचाल: डिचोलीतला दोन खोल्यांचा दवाखाना

1989 साली गोव्यात डिचोली बसस्टँडच्या मागच्या बाजूला दोन खोल्या भाड्याने घेऊन मी दवाखाना उघडला. सामान मोजकेच होते. एक टेबल, तपासायचे बाकडे, सुया उकळायचा डबा आणि डायमंडचे पाऱ्याचे बीपी यंत्र. काजूच्या बागेचे त्या वर्षीचे सगळे पैसे वडिलांनी माझ्या हातावर ठेवले होते, त्यातून ते यंत्र आले. पेटीचे झाकण उघडले की पारा शून्यावर बसलाय का हे आधी बघायचे, मगच रुग्णाकडे वळायचे, ही सवय आजही सुटलेली नाही.

कंपाउंडर सत्तरी तालुक्यातला. पगारावर होता, पण मी त्याला भागीदारच मानत आलो. खोकल्याचे मिक्श्चर तो असे करायचा की बाटलीवर चिकटवलेल्या कागदी पट्टीच्या खुणा आणि आतले डोस थेंबाचाही फरक न पडता जुळायचे. गोव्याच्या दमट हवेत बीपी यंत्राचे रबर लवकर कुजते, पट्ट्यातल्या हवेच्या पिशवीला बारीक चीर पडते आणि हवा नकळत सुटत राहते. दर रविवारी तो पिशवी फुगवून पाण्याच्या बादलीत बुडवायचा आणि बुडबुडे येतात का ते पाहायचा. हे त्याला कुणी शिकवले नव्हते. त्याच्या मुलाचे सायकलचे दुकान होते, तिथे पाहून त्याने उचलले.

आमच्याकडचे आजार आमच्या मातीचे. मार्च-एप्रिलात काजू भाजताना तेल उडून पोळलेली बोटे. पावसात शेतात उतरलेल्यांचा लेप्टोचा ताप. माशाचा काटा घशात अडकलेली माणसे तर वर्षभर. आणि लोहखनिजाच्या खाणींचे ट्रक सुरू असले की डोळ्यात गेलेला खनिजाचा कण, महिनोनमहिने न थांबणारा खोकला आणि परवान्याला लागणाऱ्या वैद्यकीय दाखल्यासाठी (वन-ए फॉर्म) ड्रायव्हरांची रांग. ड्रायव्हर हा आमचा कणा होता. तेवीस वर्षे अशी गेली. त्यांबद्दल अधिक काही लिहिण्यासारखे नाही. दवाखाना चालला, मुले शिकली, मागची खोली ड्रेसिंगसाठी मोकळी केली.

सप्टेंबर 2012 मध्ये सरकारने खाणी थांबवल्या, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचीही बंदी आली. डिचोली, सत्तरी, सांगे या पट्ट्यात राहिलेल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. ट्रक अंगणात उभे राहिले, बँकेचे हप्ते मात्र चालू राहिले. माझ्याकडे दिवसाला साठ-सत्तर रुग्ण यायचे, ते वीसवर आले. त्यातले निम्मे ‘दोतोर, फुडल्या म्हयन्यांत दितां’ म्हणून जायचे आणि मी मान हलवायचो. उधारीच्या वहीची दुसरी वही झाली. कंपाउंडरने आपणहून अर्धा पगार घ्यायला सुरुवात केली. मी नको म्हटले तर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

अशातच 2013 च्या सुरुवातीला रस्त्यापलीकडे एक पॉलिक्लिनिक आले. काचेचे दार, एसी, टोकन. त्याबद्दल माझी तक्रार नाही, धंदा कुणीही करावा. तक्रार आहे ती त्यांनी मांडव घालून घेतलेल्या मोफत बीपी-शुगर शिबिराची. टेबलावर बॅटरीवर चालणारे एकच यंत्र आणि त्याला एकच पट्टा. माणूस रांगेतून आला की उभ्याउभ्याच दंडाला पट्टा, बटण, आकडा, चिठ्ठी.

आता ट्रक ड्रायव्हरचा दंड बघा. वीस-वीस वर्षे टिपरचे सुकाणू फिरवलेला माणूस तो. नेहमीचा पट्टा साधारण 27 ते 34 सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो. यांचे दंड 37, 38, कुणाचा 41. जाड दंडाला तोकडा पट्टा बांधला की आतली नस दाबायला जास्त हवा भरावी लागते आणि बीपी आहे त्याहून जास्त दिसते. त्या दिवशी माझ्या नेहमीच्या ड्रायव्हरांपैकी अकराजण हातात ‘हाय बीपी’ची चिठ्ठी घेऊन घरी गेले. चिठ्ठी देताना तिथला एकजण म्हणाला, ‘‘तुमच्या डॉक्टरांनी इतकी वर्षे हे सांगितले नाही?’’ हे वाक्य संध्याकाळपर्यंत माझ्या कानावर चार वेळा आले. ‘जुने यंत्र’, ‘जुना दोतोर’ हे शब्द नंतर चहाच्या गाड्यावर ऐकू येऊ लागले. त्या काळात दोनदा भाडे थकले आणि दवाखाना बंद करून म्हापशाला कुणाकडे तरी नोकरी धरावी असे मी घरी बोलून दाखवले.

एक मामी मात्र तेव्हाही दर शनिवारी यायच्या. बाजारात भाजी विकायच्या, पदराच्या गाठीतून पैसे काढून टेबलावर ठेवायच्या, नको म्हटले तर दुसऱ्या दिवशी काटेकणगांची (कंदांची) पिशवी दारात असायची. सुनेच्या आग्रहाने त्याही शिबिराला जाऊन आल्या होत्या. तिथे त्यांचे वरचे बीपी 126 निघाले आणि ‘तुम्हाला बीपी नाहीच, गोळी बंद करा’ असे त्यांना सांगण्यात आले. मामींनी गोळी बंद केली नाही. मला म्हणाल्या, ‘‘ताणीं म्हाका बसूंक लेगीत दिवंक ना. मागीर तांचें कशें आयकूं?’’ (त्यांनी मला बसूसुद्धा दिले नाही, मग त्यांचे कसे ऐकू?) त्यांचे बीपी 126 होते कारण त्या सहा वर्षे रोज न चुकता गोळी घेत होत्या. हे मी आजही प्रत्येकाला सांगतो: गोळी चालू असताना बीपी नॉर्मल आले, तर गोळी काम करते आहे असे समजा.

भांडायला मी रस्ता ओलांडला नाही. बायकोच्या शिवणयंत्राच्या खणातून टेप घेतली आणि त्या दिवसापासून प्रत्येकाच्या दंडाचा घेर वहीत लिहायला लागलो. उधारीवर बेळगावहून मोठा पट्टा मागवला. जो येईल त्याला पाच मिनिटे पाठ टेकवून बसवायचे, पाय जमिनीवर, दंड छातीच्या उंचीला टेबलावर, बोलायचे नाही. मग पारा. महिन्याभरात चिठ्ठीवाल्या अकरांपैकी एकजण भिंतीला धरत धरत आला. दोन नव्या गोळ्या सुरू झाल्यापासून सकाळी उठला की डोळ्यापुढे अंधारी. उभे करून मोजले तर 94. गोळ्या थांबवून आठवडाभराने मोठ्या पट्ट्याने दोनदा मोजले, 128 आणि 130. हा माणूस बोलका होता. त्याने ट्रकवाल्यांमध्ये ते कसे सांगितले कोण जाणे, पण एकेक करून माणसे परत यायला लागली. अकराजणांपैकी तिघांना खरोखरच बीपी निघाले, हेही सांगायला हवे. त्यांची औषधे मी चालूच ठेवली.

2023 मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात 195 लोकांवर केलेला एक अभ्यास छापून आला. ज्यांना सर्वांत मोठा पट्टा लागतो, त्यांना नेहमीचा बांधला तर वरचे बीपी सरासरी 19.5 ने जास्त दिसते. मोठा लागत असेल तर 4.8 ने. मी तो कागद छापून घेतला आणि कंपाउंडरच्या मुलाच्या हाती दिला. कंपाउंडर तोवर राहिला नव्हता.

समोरचे शटर तीन वर्षांनी खाली आले. सामान विकायला काढले तेव्हा त्यांचे ईसीजी मशीन मी घेतले. मशीन उत्तम आहे. छातीत दुखणारा माणूस आला की आधी ईसीजी, मग औषधे आणि 108 बोलावून बांबोळीच्या सरकारी इस्पितळात, हे त्या मशीनमुळे मला इथे करता येते. 2018 मध्ये खाणी पुन्हा बंद झाल्या, त्यानंतर कोविड आला. दोन्ही वेळा उधारीची वही जाडजूड झाली, पण माणसे कुठे गेली नाहीत.

पारा पर्यावरणाला घातक म्हणून त्याची यंत्रे आता मोडीत निघाली. आम्हीही काट्याच्या यंत्रावर आलो आहोत, दर सहा महिन्यांनी ते तपासून घेतो. टेबलावर लहान, मधला आणि मोठा असे तीन पट्टे असतात आणि शिवणयंत्राची तीच टेप. घरी यंत्र घेणाऱ्यांनी दुकानदाराला आधी पट्ट्याचा घेर विचारावा, किंमत नंतर. मनगटावर बांधायचे यंत्र घेऊ नये.

शनिवारची सकाळ अजून बीपीवाल्यांसाठी राखीव आहे, साडेआठ ते साडेअकरा. येताना जुनी चिठ्ठी आणि गोळ्यांचे पाकीट आणा, दंडाला घट्ट बसणारी बाही नको. चहा किंवा विडी घेतली असेल तर अर्धा तास बाहेरच्या बाकावर थांबा. मामींचे बाक खिडकीजवळचे. त्या आता शहाऐंशीच्या आहेत आणि नऊच्या आत येतात.